अकरा झुडपं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस राहिले होते, तेव्हा सावळटेकच्या खालच्या गल्लीतल्या झाडांवर चुन्याचे आकडे पडले. सात निंब, दोन चिंचा, एक शिरीष आणि एक उंबर. एक ते अकरा. मोटारसायकलवर दोन पोरं आली, त्यांनी डबा टेकवला, ब्रश फिरवला आणि कोणाशी न बोलता ती निघून गेली.

सातव्या आकड्याच्या मोठ्या चिंचेखाली बाया मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. उन्हाळ्यात गल्लीतल्या दहा-बारा जणींचं हेच काम. व्यापाऱ्याची पोती इथंच उतरत आणि इथूनच उचलली जात, कारण एवढी सावली सावळटेकमध्ये दुसरीकडे कुठं उरली नव्हती. भिकुबाईनं तिखटानं भगभगणारे हात पाण्याच्या डबड्यात बुडवले आणि त्या पोरांच्या पाठीकडं बघत विचारलं, "काय रे, झाडेस्नं मतदान शे का?"

बाया हसल्या. पोरं हसली नाहीत.

संध्याकाळी रतिलाल आला. तो याच गल्लीतला. आता बसस्टँडमागं दोन मजली बंगला होता, दारात पांढरी गाडी होती आणि नगरपंचायतीची कामं त्याच्याकडं असत. भिकुबाईचा धाकटा भाऊ छगन ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. रतिलालनं गाडी बंद न करताच काच खाली केली.

"छगन, काम शे. तीन-चार दिननं."

"कसानं?"

"गल्लीमा सिमेंटना रस्ता यी ऱ्हायना. दोन्ही बाजूले गटार. झाडे उतारना पडतीन."

"जेसीबी लाव ना मंग."

"जेसीबीनं पाडं ते घरेस्वर पडी. वर तारा शेत. तुन्हाशिवाय कोन उतारी?"

छगन पस्तीस वर्षं हेच करत आला होता. झाड पाडणं वेगळं आणि झाड उतरवणं वेगळं. कौलांवर, तारांवर, गोठ्यांवर कललेलं झाड शेंड्यापासून कापत, प्रत्येक फांदीला दोर बांधून ती बाळासारखी खाली सोडायची. त्याच्या हातून आजवर कोणाचं एक कौल फुटलं नव्हतं. पण आता पेट्रोलच्या मशीनवाली पोरं निघाली होती, आणि वर्षातून चार-पाच वेळा कोणी बोलावलं तरी छगनला बरं वाटायचं.

"बठ्ठा अकरा उतारना शेत?"

"बठ्ठा. परवानगी शे, कागद शे. तू नही करशी ते दुसरा करी. नि तो कोनतरीना पत्रा फोडी."

छगन थोडा वेळ गुडघा चोळत राहिला. "मोठी चिच नही. तिले मी हात लावनार नही."

"तिनं काय ते मंग दखू," रतिलाल म्हणाला आणि काच वर गेली.

भिकुबाईनं चुलीपुढून सगळं ऐकलं होतं. तिनं ताट वाढलं. एक भाकर, वरून ठेचा. छगननं भाकर संपवली आणि दुसरीसाठी हात पुढं केला. ती उठली नाही.

"तू हो म्हनना?"

"मी नही करं ते दुसरा करी, अक्का."

"मंग करू दे ना दुसराले."

दुसरी भाकर टोपल्यात झाकलेली होती. छगननं ती स्वतः घेतली नाही. हात धुऊन तो उठला.

भिकुबाईचा डावा हात कोपरातून वाकडा होता. दहा वर्षांची असताना ती याच मोठ्या चिंचेवरून पडली होती. आखाजीचा झोका बांधायला ती सगळ्यांत वर चढली, कारण पोरांपैकी कोणाची हिंमत होत नव्हती. हाडवैद्यानं बांधलेला हात वाकडाच जुळला. लग्नात त्यावरून बोलणी झाली, नवरा मेल्यावर सासरी पुन्हा झाली, तेव्हा ती कायमची माहेरी आली. छगनची बायको गेल्यावर त्याची पोरगी काजल तिनंच वाढवली. त्या चिंचेचा राग मात्र तिनं कधी धरला नाही. ती म्हणायची, झाडनं माले फेकं नही, मन्हाच पाय सटकना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ऊन भिंतींवर चढलं होतं. छगन दोर, कुऱ्हाड आणि करवत घेऊन पहिल्या निंबाखाली गेला. दोर धरायला रतिलालनं बाहेरचे दोन गडी दिले होते. रतिलालनं गाडीच्या बॉनेटवर एक कागद पसरला.

"विमाना कागद शे. पडना-बिडना ते घरनास्ले काही मियी. आठे सही कर. नि आठे."

छगनचा चष्मा घरी होता. तो चौथीपर्यंत शिकलेला. छापलेली अक्षरं त्याला मुंग्यांसारखी दिसली. बोट ठेवलं होतं तिथं त्यानं सही केली, दोन ठिकाणी. पडलो तर काजलला काहीतरी मिळेल, एवढंच त्याच्या मनात आलं. रतिलालनं एवढी आठवण ठेवली याचं त्याला बरंच वाटलं.

दुपारपर्यंत दोन निंब उतरले. वर चढताना गुडघे करकरत, पण एकदा वर गेल्यावर शरीराला सगळं आठवे. कुठं पाय रोवायचा, कुठल्या फांदीवर भार द्यायचा, वारा कुठून येतो. या झाडांवर तो चालायला शिकल्यापासून चढत होता. दुसऱ्या निंबाच्या दुबेळक्यात त्याचा हात आपोआप एका खोबणीत गेला. लहानपणी तिथं तो गोट्या लपवायचा. खोबणीत आता फक्त भुसा होता. त्यानं तिच्या वरच करवत लावली.

शिरीषावर कावळ्याचं घरटं होतं. पिलं अजून बोडकी होती. छगननं घरटं सदऱ्यात धरून खाली उतरवायचा प्रयत्न केला, तेव्हा कावळ्यांनी त्याच्या टाळूवर चोची मारल्या. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. खालचे गडी हसत होते. घरटं शेजारच्या सरलाबाईच्या कुंपणावर ठेवलं, पण कावळे त्याजवळ आले नाहीत. तासाभरात पिलं उन्हानं मेली.

तहान लागली म्हणून तो सरलाबाईच्या दारात गेला. पस्तीस वर्षांत त्या घरी त्याला पाणी मागावं लागलं नव्हतं, तो दिसला की तांब्या यायचा.

"वहिनी, पानी द्या."

सरलाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. मागं भरलेला माठ दिसत होता, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं.

"नळले पानी नही उनं, छगनभाऊ."

छगननं माठाकडं पाहिलं आणि तिनंही तो पाहतोय हे पाहिलं. तो परत जाऊन शिरीषाच्या ताज्या बुंध्यावर बसला. कालपर्यंत इथं दुपारी थंडावा असायचा. आता समोरच्या घरांच्या पत्र्यांवरून ऊन उसळून तोंडावर येत होतं.

तेवढ्यात काजल आली. ती चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. ओढणीनं तोंड बांधलेलं, हातात घडी केलेला कागद. ती पळत आली होती.

"बाबा, तुम्ही कसावर सही करी?"

"विमाना कागदवर."

"हाई विमाना कागद नही शे." तिनं घडी उलगडली. "रतिलालकाकाना माणूस फाईल लई उना व्हता, चार-चार कॉप्या काढाले. तुम्हनी सही दखाईनी, म्हनून मी एक जास्त काढी."

"वाच."

काजलनं वाचलं. कागद शाळेतल्या मराठीत होता, प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येत होता. "नियोजित रस्त्याच्या हद्दीत काटेरी व निरुपयोगी झुडपे, नग अकरा, आढळून आली. सदर झुडपांच्या खोडाचा घेर तीस सेंटिमीटरपेक्षा कमी आहे. हद्दीत कोणतेही मोठे झाड नाही. सदरची बाब आम्ही समक्ष पाहिली असून ती खरी आहे." ती थांबली. "खाले पंच म्हनीसन तुम्हनं नाव शे. नि सही."

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"झुडपे म्हनजे?"

"झुडुप, बाबा. बांधवर ऱ्हास तसं."

छगन बसला होता तो बुंधा त्याच्या मांडीपेक्षा, पोटापेक्षा, त्याच्या आख्ख्या बसण्यापेक्षा रुंद होता. त्यानं त्यावर दोन्ही तळवे टेकले. चीक ओला होता. झाड तोडायला लावलं, ते त्यानं पोटासाठी सोसलं असतं. पण त्याच्याच तोंडून, झाडाची जात सालीचा वास घेऊन सांगणाऱ्याच्या तोंडून, हे झाड नव्हतंच असं वदवून घेतलं होतं.

तो उठून गाडीपाशी उभ्या असलेल्या रतिलालकडं गेला. मागून भिकुबाई आली, मिरचीनं लाल झालेले हात तसेच.

"रती, हाई काय लिखं शे?"

रतिलालनं कागदाकडं, मग काजलकडं पाहिलं. "अरे, कागदले काय व्हस? झाड लिखं ते वरना साहेबपर्यंत जानं पडस. जाहिरात देनी पडस, कोनबी हरकत लेस. वरीस जास. झुडुप लिखं ते काम व्हई जास. बठ्ठा असंच करतस."

"मन्हा नावथून काबर?"

"तुले झाडेस्मधलं समजस म्हनून!" रतिलाल हसला. खरंच त्याला ते गमतीचं वाटलं.

भिकुबाई पुढं झाली. "रत्या, तुन्ही मायनी तुले तापेल उलथनाना चटका दिन्हा व्हता तधय तू कोठे लपना व्हता? त्या चिचनी ढोलीमा. दोन दिन. भाकर कोन देत व्हतं तुले? झुडपमा लपना व्हता का रे तू?"

बाया जमल्या होत्या. रतिलालचा चेहरा क्षणभर लहान पोरासारखा झाला आणि लगेच मिटला.

"भिकुताई, तो जमाना गया. आते लोकेस्ले रस्ता जोयजे." तो छगनकडं वळला. "तुले करनं नशीन ते दोर गुंडाळ. मन्हाकडे मानसे शेत."

छगननं दोर गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तोच दोर मोठ्या चिंचेला छातीच्या उंचीवर गुंडाळला आणि जिथं टोक जुळलं तिथं गाठ मारली. काजलनं अकराच्या अकरा आकड्यांचे फोटो काढले, उभ्या झाडांचे आणि तीन बुंध्यांचे. मग तिघं नगरपंचायतीत गेली. दहा वाजता. मुख्याधिकारी साहेब मीटिंगमध्ये होते. बाकावर आधीच चार माणसं होती, म्हणून छगन आणि भिकुबाई जमिनीवर बसली. शिपायानं दोनदा उठवून बाजूला सरकवलं. एक वाजता साहेबांचा डबा आत गेला. दीड वाजता तिघांना आत घेतलं.

छगननं काही बोलायच्या आधी दोर सोडला आणि साहेबांच्या टेबलाभोवती फिरवला. साहेबांना खुर्ची मागं घ्यावी लागली. गाठीपर्यंतचा दोर टेबलाला पुरा वेढा घालून थोडा उरला.

"हाई झुडुप शे, साहेब. सात नंबरनं."

साहेब तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी दोराकडं पाहिलं, मग फाईल मागवली. "पंचनाम्यावर सही तुमची आहे ना?"

"शे. पन माले सांगं का विमाना कागद शे."

"न वाचता सही केलीत?"

"चष्मा नव्हता."

"बघा बाबा," साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही समक्ष पाहून सही केलीत. आता खोटं आहे म्हणता. म्हणजे खोटा पंचनामा तुम्ही केलात. गुन्हा पहिला तुमच्यावर दाखल होईल. मुलगी आहे घरात. विचार करा."

"तुम्ही दखाले उनात का?" भिकुबाईनं विचारलं. "एक दिन तरी? पाच मिनिटना रस्ता शे."

साहेब उत्तर देणार तेवढ्यात काजलचा मोबाइल वाजला. सरलाबाई होती. तिचा आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला. "काजल, लवकर या व! मशीन लई उनात! मोठी चिच!"

छगनला गुडघे होते हे तो विसरला. चपला दाराशीच सोडून तो भर उन्हात पळाला. मागं काजल, तिच्यामागं वाकडा हात पोटाशी धरून भिकुबाई. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मशीनचा आवाज थांबला होता. मग एक लांबलचक करकर ऐकू आली, आणि छगननं डोळे मिटले. कुठल्या बाजूला चालली ते त्याला आवाजावरूनच कळलं.

चिंच उतरवली नव्हती. दोन मशीनवाल्यांनी बुडातच काप दिला होता आणि जेसीबीनं रेटलं होतं. ती सरलाबाईच्या स्वयंपाकघरावर पडली. पत्रे दुमडले, भिंत आत बसली, तार तुटून गटारात ठिणग्या उडाल्या. सरलाबाई सासूला ओढत बाहेर आली होती म्हणून वाचली. म्हातारी ओट्यावर बसून नुसती थरथरत होती, तिच्या केसांत चिंचेचा बारीक पाला भरला होता. मिरचीची तीन पोती फुटली होती. हवेत तिखट पसरलं होतं, आणि सगळी गल्ली खोकत होती, शिव्या देत होती, रडत होती. कोण कशानं रडतंय ते कळत नव्हतं.

रतिलाल फोनवर वायरमनला बोलावत होता. छगनला पाहून त्यानं फोन बाजूला केला. "तूच उतारी देता ते हाई व्हतं नही," तो म्हणाला.

छगनच्या घराच्या दाराशी कुऱ्हाड टेकलेली होती. ती केव्हा हातात आली हे त्याला कळलं नाही. कळलं ते रतिलालच्या डोळ्यांतल्या भीतीवरून. रतिलाल मागं सरकत सरकत गाडीच्या दाराला टेकला. छगनला दिसत होता तो त्याचा गळा, सोन्याची साखळी, साखळीखाली उडणारी शीर. फांदी कुठं कापायची ते जसं दिसतं, तसं.

"छगन," भिकुबाई म्हणाली. तिनं त्याला धरलं नाही. "त्याले मारं ते परत कागदवर तुन्हंच नाव यी. त्यानं नही."

त्यानं कुऱ्हाड फेकली. ती गाडीच्या बॉनेटवर आदळली, पत्र्यात खोल खळगा पडला. मग तो तसाच, अनवाणी, पोलीस ठाण्याकडं चालायला लागला. काजल कागद घेऊन मागं गेली.

ठाण्यातल्या अंमलदारानं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "रतिलालशेठविरुद्ध तक्रार?"

"पहिलं नाव मन्हं लिखा," छगन म्हणाला. "मी खोटी सही करी. मी तीन झाडे तोडी. मंग त्यानं नाव लिखा. मंग साहेबनं."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? उद्या तुम्हालाच आत टाकतील."

"टाका."

"त्यापेक्षा नुसता अर्ज द्या. चौकशी करू."

"अर्ज नही. मन्हा गुन्हा लिखा."

अंमलदारानं त्याला बाकावर बसवलं. चार वाजले, पाच वाजले. माणसं आली, गेली. मोटारसायकल चोरीला गेलेल्याची तक्रार घेतली, शेळीच्या भांडणाची घेतली. छगनच्या तळपायांना डांबराचे फोड आले होते. तो दर अर्ध्या तासानं उठून टेबलाशी जायचा आणि तेच म्हणायचा, "मन्हं नाव लिखा." एकदा शिपायानं त्याला खांद्याला धरून मागं बसवलं. एकदा, म्हातारं पिऊन आलंय का, म्हणून कोणीतरी त्याचं तोंड हुंगलं. काजलनं तोवर बुंध्यांचे, दोराचे, पडलेल्या स्वयंपाकघराचे फोटो आणि तो पंचनामा सगळीकडं पाठवला होता. तहसीलला, वन खात्याला, नंदुरबारच्या दोन पत्रकारांना. साडेसहाला ठाण्यातला फोन वाजला. अंमलदार उभा राहून "होय साहेब, होय साहेब" म्हणाला, आणि त्यानं कोरा कागद ओढला.

"नाव?"

छगननं सांगितलं.

"धंदा?"

"झाडे उतारस."

"म्हणजे लाकूडतोड्या?"

"नही," छगन म्हणाला, आणि मग थोड्या वेळानं, "लिखा. तेच लिखा."

गुन्हा नोंदला गेला. छगनचं नाव पहिलं होतं. एक रात्र त्याला ठाण्यात बसवलं, सकाळी सोडलं. रतिलाल दुपारी वकील घेऊन आला आणि तासाभरात परत गेला. साहेबांची बदली होणार असं दोन दिवस सगळे म्हणाले, मग म्हणायचे थांबले. रस्त्याचं काम मात्र बंद पडलं. आखाजीला लेकी माहेरी आल्या, त्यांनी उरलेल्या निंबांना झोके बांधले. सरलाबाईच्या घरी कोणी आलं नाही. तिचं स्वयंपाकघर अजून उघडंच होतं, ती अंगणात तीन दगडांवर रांधत होती.

आखाजीनंतर चौथ्या दिवशी तहसीलचे लोक नवा पंचनामा करायला आले. टेप घेतलेला एक, वहीवाला एक आणि सही करणारी एक बाई अधिकारी, सीमा मॅडम. गल्लीतली माणसं दारादारांत उभी राहिली. मॅडमनी पंच म्हणून दोघांची नावं मागितली. सरलाबाई पुढं आली. तिनं चष्मा लावला होता. छगनला पंच होता येणार नव्हतं, तो आरोपी होता. पण झाडांची माहिती द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

"तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या.

छगन एकेका झाडापाशी गेला. चार नंबर, निंब, वय साठच्या वर. पाच नंबर, निंब. सहा नंबर, उंबर. टेपवाला घेर ओरडून सांगत होता आणि वहीवाला लिहीत होता. उभी सात झाली, मग ते बुंध्यांकडं आले. ऊन माथ्यावर होतं आणि उभं राहायला जागा नव्हती. पहिल्या बुंध्यापाशी छगननं घसा साफ केला.

"एक नंबर. निंब. हाऊ मी तोडा."

वहीवाल्यानं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान हलवली.

"दोन नंबर. निंब. मी तोडा. तीन नंबर, शिरीष. मी तोडा. त्यानावर कावळानं घर व्हतं, चार पिले, ते बी लिखा."

"पिलं कशाला?" वहीवाला म्हणाला.

"लिख," दारातून भिकुबाई म्हणाली.

त्यानं लिहिलं.

मग ते सगळे सातव्या बुंध्याशी आले. कापलेला गाभा उन्हानं काळा पडला होता आणि त्याला आरपार तडा गेला होता. टेप पुरली नाही, ती दोनदा लावावी लागली. वहीवाला पेन धरून थांबला. छगन बोलेना. सरलाबाई आत गेली, माठातून तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला नाही.

"सात नंबर," तो शेवटी म्हणाला. "चिच. हाई मी तोडी नही." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "पन सही मन्हीच शे. तसंच लिखा, मॅडम. जसं शे तसं."